कडब्याखालचा पिलू

मी एक जुना पिलू आहे, मित्रांनो. पिलू म्हणजे कोंबडीचे पिल्लू नव्हे. झाड आहे मी. बुटके, वाकडे, फांद्या जमिनीवर लोळवणारे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण आमच्या पश्चिम खानदेशात मला ओळखणारी माणसे थोडी, आणि जी ओळखतात ती मला पाहून चांगले काही बोलत नाहीत.

प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीच्या काठी, मगन पाटलांचे वावर आहे. वावराच्या मध्यावर जमीन जराशी खोलगट होते. त्या खोलगट भागाला सगळे 'खारी' म्हणतात. तिथे मी उभा आहे. दुसरी झाडे आपली जागा अभिमानाने सांगतात. पारावरचा पिंपळ म्हणेल, माझ्याखाली पंचायत बसते. विहिरीवरचे आंब्याचे झाड म्हणेल, माझ्या सावलीत बैल सुटतात. मी काय सांगू? मी जिथे उभा आहे तिथे दुसरे काहीच उगवत नाही. मला माझ्या जागेची लाज वाटते. पुष्कळ वर्षे तर मला माझी स्वतःचीच लाज वाटत आली.

खारी कशी असते ते तुम्हाला सांगायला हवे. पाऊस पडला की ती माती गोंदासारखी पायाला चिकटते. ऊन पडले की दगड होते आणि भेगाळते. हिवाळ्यात ओल वर येते, ओलीबरोबर जमिनीच्या पोटातले मीठ वर येते, ओल उडून जाते आणि मीठ मागे उरते. मग जमिनीवर पांढरे फूल धरते. बोटाने टिपून जिभेवर ठेवले तर तोंड वाकडे होईल. अशा जमिनीत ज्वारीचे बी रुजते, वीतभर वर येते आणि पिवळे पडून मान टाकते. पायाशी पाणी असते, पण मीठ ते पाणी मुळांना घेऊ देत नाही. मी मात्र ते खारे पाणी पितो. त्यातले मीठ माझ्या जाड पानांत साठवतो, आणि पान जुने झाले की खाली टाकून देतो. आमच्या कुळाची ही रीतच आहे. माझे सगेसोयरे समुद्राच्या काठी उभे असतात. भरतीचे पाणी त्यांच्या मुळांशी येऊन जाते आणि त्यांना त्याचे काही वाटत नाही.

समुद्र मी पाहिलेला नाही. त्याच्याबद्दल जे काही मला ठाऊक आहे ते जसोदाबाईने सांगितलेले आहे.

सुरतेकडून नंदुरबारला आगगाडी सुरू झाली त्याला थोडीच वर्षे झाली होती. त्या गाडीने जसोदा मगन पाटलांची नवी नवरी होऊन या गावात आली. तिचे माहेर पार खंबायतच्या आखाताजवळ. निघताना तिच्या आईने वाटेत खायला म्हणून वाळवलेल्या पिलूंची पुरचुंडी तिच्या पदराला बांधून दिली होती. आमची फळे मिऱ्याएवढी, गोड आणि वर जराशी झणझणीत. पहिल्या दिवशी वावर दाखवायला सासूने तिला आणले तेव्हा ती उरलेली पिलू चघळत होती. खारीपाशी येऊन ती थबकली, आणि तोंडातल्या बिया तिने तिथेच टाकल्या. सगळ्या बियांतला एकटा मी रुजलो.

खारी तेव्हा लहानशी होती, एक गाडी उभी राहील एवढी. तिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते. जसोदा भाकरी घेऊन वावरात आली की माझ्यापाशी बसे. घरात तिची बोली कुणाला धड कळत नव्हती, म्हणून ती माझ्याशी बोले. भरती कशी येते, मिठागरात पायांना कशा चिरा पडतात, आई कोणत्या वेळी घराच्या ओट्यावर बसते, हे सारे मी ऐकले. हळूहळू ती इथली अहिराणी शिकली, आणि माझ्याशीही अहिराणीतच बोलू लागली. मला तेव्हा थोडे वाईट वाटले होते.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. गडी माझी काडी तोडून दातण करत. पोरे फळे ओरपत. सासू, कौसाबाई, दाढ ठणकली की माझी मुळी चावून बसे. मी फुगलो होतो, खोटे कशाला बोलू? वाटले, आपण इथे मानाचे पाहुणे आहोत.

मग मगन पाटलांनी नवी विहीर खणली आणि ऊस लावला. काळ्या, चिकट जमिनीत ऊस, आणि त्याला उठल्यासुटल्या पाणी! सकाळी मोट सुरू होई ती दिवस मावळेपर्यंत कुरकुरत राही. शेजारचे म्हणत, जरा दमाने घ्या. पण पहिल्या दोन सालांत ऊस पुरुषभर वर गेला, गुऱ्हाळाचा वास गावभर पसरला, मग कोण ऐकतो? ते सगळे पाणी जमिनीत मुरले. त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. ते पोटातले मीठ विरघळवून वर घेऊन आले. तिसऱ्या हिवाळ्यात खारी बैलगाडीएवढी राहिली नाही. ती उसाच्या मुळांशी गेली, पुढे निम्म्या वावरात पसरली.

कौसाबाईने पांढरे झालेले पाय घेऊन माझ्यासमोर बोटे मोडली. जसोदाला ती म्हणाली, "हाई काय आनं व माय तू? समुद्रना कचरा आमना वावरमा!"

गावानेही तेच धरले. मगननी बायकोनी मायेरतून खार आना, असे विहिरीवर बोलले जाऊ लागले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पाणी पाजले मोटेने, आणि दोष झाडाचा. असे आज मी म्हणतो, मित्रांनो. तेव्हा मला ते म्हणता येत नव्हते. कारण कौसाबाईने माझे एक पान चावून थुंकले होते, आणि ते पान खारट होते. माझी पाने खरोखरच खारट असतात. ती माझ्याच बुडाशी पडतात, कुजतात आणि त्यांतले मीठ पुन्हा मातीत जाते. खारी मी आणली नव्हती. पण माझ्या सावलीतली माती माझ्यामुळे आणखी खारी होत होती, हे खोटे कसे म्हणू? मी गप्प राहिलो आणि पाने गाळत राहिलो. पाने न गाळता मला जगता येत नाही.

जसोदाने एकदा उपाय सुचवून पाहिला. ती नवऱ्याला म्हणाली, "आमनाकडे पाऊसना आगुदर चर खंदतस. पानीसंगे खार वही जास. उसले इतलं पानी देनं बंद करा."

मगन पाटील मोटेवरच्या गड्याकडे पाहून हसले. "ऐक रे, समुद्रनी बाई आमले तापीकाठनी खेती शिकाडी ऱ्हायनी!"

त्यानंतर जसोदा चराचे नाव पुन्हा काढेना. भाकरी घेऊन आली तरी ती माझ्यापाशी बसेना. लांब आंब्याखाली बसे. माझ्याशी बोलताना कुणी पाहिले तर काय म्हणेल, याची तिला लाज वाटत असावी. मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही तेच केले असते.

वर्षे गेली. तिचा मुलगा लोटन लग्नाचा झाला. उंच, कमी बोलणारा, कामाला वाघ. पण आमच्याकडे मुलगी देताना आधी वावर बघतात. मुलाचे नाकडोळे नंतर. दोन ठिकाणची माणसे येऊन बांधावरूनच परत गेली होती. पांढरी जमीन लांबूनही दिसते.

मग तापीबाईकडून निरोप आला. नदीच्या वरच्या अंगाला तिचे गाव. तिचा मुलगा दोधू, आणि दोधूची मुलगी सरला. बायका काही स्थळ बघायला जात नसत. पण तापीबाई तरुणपणी विधवा झाली होती, जमीन तिनेच राखली होती, आणि त्या घरात तिच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नव्हता. तिचा एक रिवाज होता. वावर बघितल्याशिवाय व्याह्याच्या घरचे पाणी ती तोंडाला लावत नसे. पाणी प्याली म्हणजे सोयरीक ठरली, असे समजायचे.

होळी नुकतीच झाली होती. मगन पाटलांनी नदीच्या पात्रातला काळा गाळ गाड्यांनी आणवला आणि पांढऱ्या जमिनीवर पसरला. वरून फळी फिरवली. वावर असे काळेभोर दिसू लागले की माझाच माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. झाकली मूठ सव्वा लाखाची. उरलो होतो मी एकटा. जाणत्या माणसाने मला पाहिले की तो गाळाखाली काय आहे ते विचारणारच.

मगन पाटील जसोदाला घेऊन माझ्यापाशी आले. त्यांच्या हातात कुऱ्हाड होती.

"हाऊ तोडना पडी. पाव्हना देखतीन तं काय सांगसूत?"

जसोदाने माझ्या बुंध्यावर हात ठेवला.

"तुन्हा हातनं लायेल शे," ते म्हणाले, "तूच तोड."

तिने कुऱ्हाड घेतली. पहिला घाव नीट बसला नाही. मग तिने पदर खोचला आणि दात आवळून घाव घातले. ती रडत होती, पण थांबली नाही. मित्रांनो, मला ते फार दुखले असे मी सांगणार नाही. मला त्या वेळी वाटले ते एवढेच, की बरे होते आहे. या घरावरचा डाग निघून जातो आहे. मी आडवा झालो. लोटनने फांद्या ओढून नाल्यात टाकल्या. उरलेला बुंधा गुडघ्याएवढा होता. त्यावर जसोदाने ज्वारीच्या कडब्याची गंजी रचली. आत काळोख होता आणि माझ्या कापल्या अंगाला मोहरीसारखा उग्र वास सुटला होता.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत पाहुण्यांची गाडी आली. कडब्याखालून मला दिसत काही नव्हते, ऐकू येत होते. दोधू पाटील जमीन चांगली काळी आहे म्हणाले. मगन पाटलांनी विहिरीच्या पाण्याची थोरवी सांगितली. तापीबाई वहाणा काढून अनवाणी चालत होती आणि बोलत नव्हती. जसोदा पाण्याचा लोटा घेऊन मागून येत होती.

सगळे ठीक चालले होते. पण घाईगर्दीत कुणाच्या ध्यानात एक गोष्ट आली नव्हती. लांबून आलेले बैल सोडले, की ते कशाकडे जातात? पाहुण्यांचे बैल गाडीवरून सुटले ते सरळ कडब्याच्या गंजीकडे आले! एकाने तोंड घातले, दुसऱ्याने शिंग घातले. गडी हाकलायला धावला तोवर वरचा कडबा खाली आला होता आणि मी उघडा पडलो होतो. उन्हात, सगळ्यांच्या देखत, ताज्या घावांसकट. तेव्हा मला इतकी शरम वाटली की मुळांसकट आत जावेसे वाटले.

"आठे काय व्हतं, पाटील?" दोधू पाटलांनी विचारले.

"बोर व्हती," मगन पाटील म्हणाले. "काटा लागेत, म्हनीसन तोडी टाकी."

तापीबाई वाकली. तिने माझ्या बुंध्याची साल नखाने खरवडून नाकाशी धरली. मग तिने मगन पाटलांकडे पाहिलेच नाही. ती जसोदाकडे वळली.

"बोरना वास असा येस का? माय, तू सांग. काय व्हतं आठे?"

लोटनने मान खाली घातली. जसोदाने लोटा दोन्ही हातांनी धरला. 'बोर' एवढाच शब्द तिला म्हणायचा होता. तेवढ्यावर तिच्या मुलाचे लग्न ठरणार होते. मीही मनात म्हणत होतो, म्हण बाई, बोर म्हण.

"बोर नही, माय," जसोदा म्हणाली. "पिलू शे. मीच लायेल, मीच तोडा. हाऊ काया गाळ वरवरना शे. खाले खार शे. तुमनी पोरले उद्या आठेच राबनं शे, तं आजच देखी ल्या."

दोधू पाटलांनी जोड्याच्या टाचेने गाळ उकरला. चार बोटांखाली पांढरे होते.

जसोदाने लोटा पुढे केला. तापीबाईने तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि हात जोडले. "पानी नको, माय. आम्ही निंघतस."

गाडी गावातून भर दिवसा परत गेली. दारादारांतून लोकांनी ती पाहिली असणार. मगन पाटील बांधावर बसून राहिले होते. जसोदा जवळून जाताना ते एवढेच म्हणाले, "तू मन्ही इज्जत वावरमा गाडी टाकी." त्यानंतर कितीतरी दिवस ते वावरात आले की तिच्याकडे पाठ करून बसत. आणि मी? माझ्यामुळे लोटनचे लग्न मोडले, असे मला वाटे. पुन्हा फुटूच नये असा मी निश्चय केला होता. पण झाडाचे निश्चय कसले! आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत बुंध्यातून कोवळे लाल कोंब बाहेर आले. मला लाज वाटत होती आणि मी वाढत होतो.

एके सकाळी लोटन फावडे घेऊन आला. मला वाटले, हा आता मला मुळापासून काढणार. तो माझ्यापाशी उभा राहिला आणि त्याने आईला हाक मारली.

"माय, तो चर कोठून खंदतस?"

जसोदाने पायाने रेघ ओढून दाखवली, माझ्या बुडापासून नाल्यापर्यंत. दोघे मिळून खणू लागले. जमीन दगडासारखी झाली होती. मगन पाटील बांधावरून पाहत होते. पहिले काही दिवस त्यांनी नुसते पाहिले. मग एकदा ते उठले, जसोदाच्या हातातली कुदळ काढून घेतली आणि खणायला लागले. त्या साली त्यांनी ऊस लावला नाही. मोट थांबली.

पावसाळ्यात चरातून गढूळ पाणी नाल्याकडे धावले. मीठ घेऊन गेले, पण सगळे नाही. जमिनीत वर्षानुवर्षे साठलेले एका पावसात कसे जाईल? फसवा गाळ मात्र पहिल्याच सरींत वाहून गेला. हिवाळ्यात पांढरे फूल पुन्हा आले, फक्त जरा विरळ. कडेच्या पट्टीत लावलेली कपाशी तगली. जसोदा माझी गळलेली पाने खराट्याने गोळा करून चरात टाकू लागली, म्हणजे त्यांतले मीठ माझ्या बुडाशी साठू नये. इतकी वर्षे ज्या पानांची मला लाज वाटत होती, त्यांच्यावर उपाय एवढाच होता. खराटा! आणि ती पुन्हा माझ्यापाशी बसून भाकरी खाऊ लागली, उघडपणे.

पुढची होळी झाली, आणि तापीबाईची गाडी पुन्हा आली. तिने मधल्या काळात दुसरी स्थळे पाहिली होती म्हणतात. तिने काय पाहिले, काय नाही, मला ठाऊक नाही. ती गाडीतून उतरली आणि वहाणा काढून सरळ वावरात शिरली. यावेळी गाळ नव्हता. मी कमरेएवढा झालो होतो आणि माझ्याभोवती जमीन पांढरी होती. बैल सोडले, तर त्यांनी येऊन माझाच पाला ओरबाडला.

"खार कोठे शे?" तापीबाईने विचारले. "दखाड."

तिने विचारले होते जसोदाला. पुढे आले मगन पाटील. त्यांनी आपले जोडे काढून हातात घेतले. मग माझ्या बुडापासून पलीकडच्या कडेपर्यंत हात फिरवला.

"आठे शे, माय. ह्या पिलूपाईन तठलोंग. मीच पानी पाजी पाजी वाढाडा. झाडना दोष नही, मन्ही बायकोना भी नही."

ते चालत पुढे गेले आणि प्रत्येक पांढरा डाग त्यांनी स्वतः दाखवला. कोपऱ्यातला एक तर दिसतही नव्हता, तोही दाखवला.

"आजून पांढरं शेच की," दोधू पाटील पुटपुटले.

"शे ना," तापीबाई म्हणाली. "पन आते दखाडेल शे." आणि ती माझ्या शेजारी, त्या खाऱ्या मातीवरच, बसली. "जसोदाबाई, पानी दे, माय."

जसोदा विहिरीकडे धावत गेली. त्या वयात धावताना तिला मी पहिल्यांदाच पाहिले.

आता दुसऱ्या महायुद्धाचे दिवस आहेत. जसोदाबाई नाही. तिचा खराटा सरलाबाईच्या हातात आहे. वावराचा मोठा भाग ज्वारी देतो, खारी पुन्हा आक्रसून माझ्यापुरती राहिली आहे. मित्रांनो, तुमच्याही रानात एखादे झाड असे नको त्या जागी वाढलेले दिसेल. त्याला तोडण्याआधी त्याच्या पायाखालची माती बोटावर घेऊन बघा. पाणी जास्त झाले का, त्याला जायला वाट आहे का, ते बघा. चर गाळाने भरू देऊ नका. आणि मला ठेवलेत तर माझी पाने झाडून काढा. तेवढे मला स्वतःला करता येत नाही.

मगन पाटील फार थकले आहेत. काठीशिवाय चालवत नाही. पण कुणी पाहुणा वावर बघायला आला, की ते त्याला विहिरीकडे नेत नाहीत, कपाशीकडे नेत नाहीत. काठी टेकत टेकत आधी माझ्यापाशी आणतात आणि म्हणतात, "पहिले आठे या. हाई आमनी खारी."

पाहुणा माझ्याकडे पाहतो, पांढऱ्या मातीकडे पाहतो. मला अजूनही लाज वाटते. पण मला आता कुणी कडब्याखाली झाकत नाही.